जेसनची मेकॅनिक

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी मित्र असतोच. सेकंडहँड बुलेट घेतो, तिची टाकी बदलतो, हेडलाइट बदलतो आणि दर रविवारी हात काळे करून अंगणात बसतो. घरच्यांना वाटतं पैसे पाण्यात गेले. तुम्हालाही कधीकधी तसंच वाटतं.

आता बुलेटच्या जागी विमान ठेवा आणि मित्राच्या जागी सव्वीस वर्षांची एक मुलगी. साल १९३०. तिने दुसऱ्याने वापरलेलं, लाकूड आणि कापडाचं एक छोटं विमान घेतलं आणि एकटीने लंडनहून ऑस्ट्रेलियाला नेलं. तिचं नाव ॲमी जॉन्सन. एकटीने हा प्रवास करणारी ती पहिली स्त्री. गुगल केलंत तर हे एका ओळीत मिळेल. पण त्या ओळीतून एक गोष्ट निसटते. ॲमी काही फार भारी पायलट नव्हती. ती पोहोचली, कारण ती मेकॅनिक होती.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल नावाच्या बंदरात १ जुलै १९०३ रोजी तिचा जन्म झाला. वडिलांचा मासळीचा व्यवसाय. घरची परिस्थिती बरी. शेफिल्ड विद्यापीठातून तिने अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि मग तुमच्या-माझ्यापैकी अनेकांचं होतं तेच तिचं झालं. पदवी हातात, पण पुढे काय? लंडनला येऊन ती वकिलांच्या एका ऑफिसात टायपिंग करायला लागली. नोकरी होती, पगार होता, पण मन लागत नव्हतं.

१९२८ मध्ये ती लंडनच्या उत्तरेला असलेल्या स्टॅग लेन विमानतळावर गेली. तिथल्या लंडन एरोप्लेन क्लबमध्ये सभासदांना सवलतीत विमान चालवायला शिकवत. ॲमीने नाव घातलं. पहिल्या धड्यात ती चमकली वगैरे काही नाही. बाकीच्यांना एकट्याने उडण्याआधी जेवढे तास शिकावं लागे, त्यापेक्षा बरेच जास्त तास तिला लागले. तिचं लँडिंग तर पुढेही कच्चंच राहिलं. जुलै १९२९ मध्ये अखेर लायसन्स मिळालं.

पण तोपर्यंत तिचा जीव हँगरमध्ये अडकला होता. क्लबचे मुख्य मेकॅनिक जॅक हंफ्रीज यांच्याकडे तिने काम शिकायला सुरुवात केली. ऑफिसच्या आधी सकाळी आणि सुटल्यावर संध्याकाळी. इंजिन उघडायचं, व्हॉल्व्ह साफ करायचे, परत बसवायचे. हँगरमधल्या पुरुषांना सुरुवातीला ही मुलगी म्हणजे लुडबुड वाटली. काही महिन्यांनी तेच तिला जॉनी म्हणायला लागले. मग तिने नोकरी सोडली आणि दिवसभर तिथेच राबायला लागली. हौस म्हणून उडणाऱ्या श्रीमंत बायका तेव्हाही होत्या. ॲमीला मात्र विमानांवर पोट भरायचं होतं. डिसेंबर १९२९ मध्ये तिला ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स मिळालं. ब्रिटनमध्ये ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता त्या विमानाकडे येऊ. डी हॅविलंड कंपनीचं जिप्सी मॉथ. दोन पंख वर, दोन पंख खाली. उघडी कॉकपिट दोन, एकामागे एक. चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, साधारण शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅक गाडीएवढं. पंख मागे दुमडून ते छोट्याशा शेडमध्ये ठेवता येई. क्लबमध्ये शिकायला, रविवारी फिरायला हे विमान उत्तम, पण टाकी छोटी. इंग्लंडमध्ये गावोगाव जायला ती पुरे. समुद्र आणि वाळवंट ओलांडायला नाही.

ॲमीने सहाशे पौंडांना जे मॉथ घेतलं, त्यात आधीच्या मालकाने लांब पल्ल्यासाठी जादा टाक्या बसवून घेतल्या होत्या. त्यातली हुशारी बघा. मॉथमध्ये एकटा पायलट नेहमी मागे बसतो, कारण पुढची सीट पंखांच्या जवळ, विमानाचा तोल जिथे सांभाळला जातो त्या जागी असते. तिथे कुणी बसलं काय, न बसलं काय, तोल फारसा ढळत नाही. म्हणूनच जादा पेट्रोलसाठी तीच जागा योग्य. टाकी भरलेली असो की संपत आलेली, विमान पुढे-मागे कलत नाही.

पण कुठलंही मॉडिफिकेशन फुकट नसतं. मूळ टाकी वरच्या पंखात होती, तिथून पेट्रोल आपोआप खाली इंजिनात उतरायचं. नवी टाकी खाली, म्हणजे पेट्रोल वर चढवायचं तर हाताने पंप मारायचा. एका हातात कंट्रोल, दुसऱ्या हातात पंप, तासन् तास. पेट्रोलच्या वासाने तिला मळमळायचं. शिवाय वजन. ५ मे १९३० च्या सकाळी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर भरलेलं विमान पहिल्या प्रयत्नात उचललंच नाही. ती परत फिरली आणि दुसऱ्या वेळी उडाली. निरोपाला वडील आणि मोजकीच माणसं होती.

विमानाचं नाव तिने जेसन ठेवलं होतं. वडिलांच्या मासळीच्या व्यवसायाचा तो ट्रेडमार्क. निम्मे पैसे वडिलांनी दिले होते, निम्मे लॉर्ड वेकफिल्ड यांनी. कॅस्ट्रॉल ऑइल माहीत आहे ना? ते त्यांच्याच कंपनीचं. वाटेतल्या पेट्रोलची सोयही त्यांनी केली. विमानात रेडिओ नव्हता. बरोबर हत्यारं, पॅराशूट, रिव्हॉल्व्हर, आणि विमानाच्या कुशीला बाहेरून बांधलेला एक जादा प्रॉपेलर. उड्डाणाचा अनुभव शंभर तासांचाही नव्हता. एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडन ते माहेर, हल.

व्हिएन्ना, इस्तंबूल, अलेप्पो, बगदाद. बगदादच्या आधी धुळीच्या वादळाने तिला वाळवंटात खाली उतरायला लावलं. प्रवासात मुक्कामाला उतरली की इंजिन बघायचं, प्लग साफ करायचे, पेट्रोल मऊ चामड्यातून गाळून भरायचं, मग जमेल तेवढं झोपायचं. सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीला उतरली. ऑस्ट्रेलियाचा विक्रम बर्ट हिंकलर या पायलटच्या नावावर होता, साडेपंधरा दिवसांचा. कराचीपर्यंत ॲमी त्याच्या दोन दिवस पुढे होती. एका रात्रीत ती जगाची बातमी झाली.

गंमत म्हणजे त्याच मे महिन्यात आणखी दोन तरुण जिप्सी मॉथ घेऊन कराची-लंडन मार्गावर होते. कराचीहून निघालेले जेआरडी टाटा आणि लंडनहून निघालेले अस्पी इंजिनिअर, दोघंही आगाखान बक्षिसासाठी. इजिप्तमध्ये अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकले, तेव्हा जेआरडींनी आपले जादा प्लग काढून दिले, आणि बक्षीस अस्पींनी जिंकलं. त्या काळात पायलटला प्लगची काळजी स्वतःच करावी लागायची.

कराचीहून ॲमी अलाहाबादकडे निघाली. वारा समोरून, पेट्रोल संपत आलेलं. म्हणून झाशीला लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरली. ब्रेक नसलेलं विमान घरंगळत बराकींपर्यंत गेलं, खांबाला धडकलं आणि पंख मोडला. मे महिन्यातली झाशी, जवळपास विमानाचा कारखाना नाही. मग कुणाला बोलावलं असेल? सुताराला. पंखाचा सांगाडा लाकडाचाच तर होता. सुताराने काम केलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुढे निघाली.

खरी परीक्षा ब्रह्मदेशात झाली. पावसात रंगूनचं रेसकोर्स सापडेना. इनसीनला एक मोकळं मैदान दिसलं, तेच रेसकोर्स समजून ती उतरली. ते निघालं तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेचं मैदान. विमान चरात गेलं. पंख फाटला, प्रॉपेलर तुटला, चाकांचा सांगाडा मोडला. इथे सगळं संपायला हवं होतं. पण संस्थेतले शिक्षक आणि विद्यार्थी, म्हणजे तुमच्याच वयाची मुलं, कामाला लागली. पंखाला कापड हवं होतं. पहिल्या महायुद्धातलं विमानाचं उरलेलं कापड इथे स्वस्तात येऊन त्याचे शर्ट शिवले गेले होते. ते शर्ट जमवून, उसवून पंखावर चढवले. कापड ताणून घट्ट करणारा लेप एका केमिस्टने तयार करून दिला. कुशीला बांधलेला जादा प्रॉपेलर बसला. तीन दिवसांत जेसन उभा राहिला.

त्या तीन दिवसांत विक्रम मात्र गेला. पुढे जावामध्ये उसाच्या मळ्याजवळ उतरताना बांबूच्या खुंटांनी पंखाला भोकं पडली, ती तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवली. २४ मे १९३० रोजी ती ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोहोचली. सुमारे १८,००० किलोमीटर, साडेएकोणीस दिवस. हिंकलरपेक्षा चार दिवस उशीर झाल्याची तिला खंत होती. जगाला त्याचं काही पडलं नव्हतं. लंडनमध्ये तिच्या स्वागताला लाखोंची गर्दी झाली. एका वृत्तपत्राने दहा हजार पौंडांचा करार केला, गावोगाव फिरवलं. काही दिवसांतच ती इतकी थकली की दौरा थांबवावा लागला. गर्दीला हवी होती हसरी नायिका. पंखाला ठिगळ लावणाऱ्या ॲमीविषयी फार कुणाला उत्सुकता नव्हती.

ती मात्र हँगर विसरली नाही. १९३१ मध्ये मॉस्कोमार्गे टोकियोला गेली, तेव्हा बरोबर होते तेच जॅक हंफ्रीज, तिचे गुरू. १९३२ मध्ये एकटीने केपटाउनचा विक्रम केला. त्याच वर्षी पायलट जिम मोलिसनशी लग्न केलं, ते १९३८ मध्ये मोडलं. मधल्या काळात ती ब्रिटनमधल्या महिला अभियंत्यांच्या संस्थेची अध्यक्ष होती. विक्रमांचे दिवस सरले, तसा पैसाही आटला. युद्ध सुरू झाल्यावर कारखान्यातून हवाई दलाच्या तळावर विमानं पोहोचवायचं काम तिने घेतलं. ५ जानेवारी १९४१ रोजी, खराब हवेत, रस्ता चुकून तिचं विमान थेम्स नदीच्या मुखाजवळ समुद्रात पडलं. तिला वाचवायला थंड पाण्यात उडी घेतलेला नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचरही गेला. ॲमीचा मृतदेह कधीच मिळाला नाही. ती ३७ वर्षांची होती.

जेसन आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. त्याला बघायला जाणं आपल्याला लगेच जमणार नाही. पण एक करता येईल. पुढच्या वेळी गाडी गॅरेजला टाकाल, तेव्हा चावी देऊन चहाला जाऊ नका. तिथेच थांबा. प्लग कुठे असतो, तो का काळा पडतो, हे विचारा आणि पाना मागून एक नट स्वतः सोडवून बघा. हात काळे होतील. ॲमीचे रोज व्हायचे.