गर्भातील संकेतांचा शोधक : हान्स स्पेमान

हान्स स्पेमान यांचा जन्म २७ जून १८६९ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी झाला. वडील पुस्तकप्रकाशक होते. मुलानेही काही काळ त्याच व्यवसायात उमेदवारी केली. पुढे वैद्यक शिकता शिकता त्यांचे मन प्राणिशास्त्राकडे ओढले गेले आणि १८९५ मध्ये व्यूर्त्सबुर्ग येथे त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. लवकरच क्षयाने त्यांना अंथरुणास खिळविले. त्या सक्तीच्या विश्रांतीत वाइसमान यांचा आनुवंशिकतेवरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला आणि एका प्रश्नाने मनाची पकड घेतली. एकाच अंड्यापासून झालेल्या पेशींपैकी कोणी डोळा व्हावे व कोणी त्वचा, हे ठरविते कोण?

उत्तरासाठी त्यांनी न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याची अंडी घेतली. एवढेसे अंडे आवळावयास दोरा कोठला? त्यांनी तान्ह्या बाळाच्या मऊ केसाचा फास केला. दोन पेशींचे अंडे त्या फासाने विभागले असता कधी कधी दोन पूर्ण जीव निपजत. पेशींचे भवितव्य आरंभीच वाटून दिलेले नसते, हे यावरून दिसले. १९०१ मध्ये त्यांनी दाखविले की, बेडकाच्या गर्भातील डोळ्याचा अंकुर नष्ट केल्यास वरच्या त्वचेपासून भिंग तयार होत नाही. एक ऊतक दुसऱ्यास जणू आज्ञा देत होते!

पुढे फ्रायबुर्ग येथे त्यांच्या विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी एका न्यूटच्या गर्भाचा लहानसा तुकडा दुसऱ्या गर्भावर रोपला. तेथे दुसरा गर्भ आकारास आला आणि त्याचा बराचसा भाग यजमानाच्याच पेशींचा होता. हे संशोधन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्याच वर्षी भाजण्याच्या अपघातात हिल्डे यांचा अंत झाला. तेव्हा त्या अवघ्या २५ वर्षांच्या होत्या. १९३५ चे नोबेल पारितोषिक एकट्या स्पेमान यांना मिळाले. त्या यशात या तरुणीच्या हातांचा वाटा फार मोठा होता, हे विसरता कामा नये.

आज्ञा देणारे द्रव्य कोणते, हे कळण्यापूर्वीच, १९४१ मध्ये स्पेमान निवर्तले. १९९२ मध्ये बेडकाच्या गर्भात नॉगिन हे तसे एक प्रथिन सापडले. पुढे उंदरांवरील प्रयोगांत दिसले की, गर्भाच्या त्वचेच्या खालच्या थरातून तेच नॉगिन स्रवते, केसाच्या वाढीस अटकाव करणारा संकेत दूर सारते आणि केसाचे मूळ रुजू लागते. ज्या कोवळ्या केसाने स्पेमान यांनी अंडे आवळले, तो केसही अशाच संकेतांतून उगवला होता.