मिखाईल बोट्विनिक : हरलेल्या डावाचा हिशेब

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा सुरतेतल्या आपल्या मराठी घरांतही आनंद झाला. नातवंडांना क्लासला सोडण्याचे काम आता बहुधा आम्हा निवृत्त मंडळींकडे असते. मूल स्पर्धेहून परत आले की आम्ही विचारतो, कितवा नंबर आला? हरलेला डाव नेमका कुठे बिघडला, हे मात्र आम्ही विचारत नाही. तो प्रश्न आयुष्यभर स्वतःला आणि पुढे शिष्यांना विचारणाऱ्या एका रशियन ग्रँडमास्टरची ही ओळख.

मिखाईल बोट्विनिक यांचा जन्म १७ ऑगस्ट १९११ चा. आई दंतवैद्य, वडील दातांच्या कवळ्या बनवणारे. बाराव्या वर्षी ते बुद्धिबळ शिकले. १९२५ मध्ये जगज्जेते कापाब्लांका लेनिनग्राडला एकाच वेळी अनेकांशी खेळले, त्यात चौदा वर्षांच्या या मुलाने त्यांना हरवले. १९३१ मध्ये ते सोव्हिएत विजेते झाले. विशेष म्हणजे त्यांनी नोकरी सोडली नाही. ते विद्युत अभियंता होते आणि १९५१ मध्ये त्यांनी त्या विषयात डॉक्टरेटही मिळवली.

जगज्जेते अलेखाइन १९४६ मध्ये वारले आणि गादी रिकामी झाली. १९४८ मध्ये हेग आणि मॉस्को येथे पाच खेळाडूंची स्पर्धा झाली. वीसपैकी चौदा गुण मिळवून बोट्विनिक जगज्जेते झाले.

पण त्यांची खरी ओळख पराभवानंतर पटते. १९५७ मध्ये स्मिस्लोव्हने त्यांचे पद घेतले, १९६० मध्ये तेवीस वर्षांच्या तालने. त्या काळी हरलेल्या विजेत्याला पुन्हा सामना खेळण्याचा हक्क होता. दोन्ही वेळा वर्षभराने बोट्विनिक यांनी पद परत मिळवले. बँकेत दिवसअखेर ताळा जुळला नाही तर फरक सापडेपर्यंत आम्ही घरी जात नसू. बोट्विनिक हरलेल्या डावाकडे तसेच बघत. चूक कुठे झाली, ती का झाली, सगळे लिहून काढत. ताल हल्ल्यात भयंकर आहे, हे ओळखून १९६१ मध्ये त्यांनी शक्यतो वजिरावजिरी करून डाव शांत वाटेला नेले आणि १३-८ असे जिंकले. ताल तेव्हा आजारी होता, हेही सांगायला हवे. सरावही असा की प्रतिस्पर्धी सिगारेट ओढणारा असेल, तर सरावातल्या जोडीदाराला ते मुद्दाम तोंडावर धूर सोडायला लावत!

१९६३ मध्ये पेट्रोस्यानकडून ते हरले. पुनर्सामन्याचा नियम तोवर रद्द झाला होता. त्याच सुमारास त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली, आणि १९७० मध्ये स्पर्धा कायमच्या सोडल्या. त्यांच्या शाळेत मुले वर्षातून काही वेळा जमत. प्रत्येकाने आपले डाव सर्वांपुढे मांडायचे, हरलेलेसुद्धा. मग गुरुजी चुका दाखवत आणि घरी करायला अभ्यास देत. ते तयार चाली पाठ करून घेत नसत. मुलाने स्वतः शोधावे, असा त्यांचा आग्रह असे.

गुरुजींचाही अंदाज चुकला. बारा वर्षांच्या अनातोली कार्पोवला पाहून त्यांनी या मुलाला बुद्धिबळात भवितव्य नाही, असे मत दिले. पोराने गुरुजींचा गृहपाठ मात्र मनापासून केला आणि १९७५ मध्ये तो जगज्जेता झाला! दुसरा शिष्य कास्पारोव्ह दहा वर्षांचा असताना शाळेत आला. त्याने १९८५ मध्ये कार्पोवला हरवले. तिसरा क्राम्निक. त्याने २००० मध्ये कास्पारोव्हला हरवले. तो दिवस पाहायला गुरुजी नव्हते. ५ मे १९९५ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले होते. पुढे २००८ मध्ये क्राम्निकला हरवले ते आपल्या विश्वनाथन आनंदने.

स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते. मूल हरले की तो कागद बहुतेक वेळा कचऱ्याच्या टोपलीत जातो. पुढच्या वेळी आपण तो जपून घरी आणू या. जेवणखाण झाले, रडे थांबले, की पट मांडून नातवाला किंवा नातीला शेजारी बसवू या आणि विचारू या, कुठे चुकले असेल रे? आपल्याला खेळ येत नसला तरी हरकत नाही. सांगताना मुलालाच ते सापडेल.