ट्रॅफिक जामचं कोडं पुराच्या पाण्यावरून उलगडणारा गणितज्ञ

हायवेवर गाड्या अचानक थांबतात. पुढे अपघात झाला असणार असं वाटतं. १५-२० मिनिटं मुंगीच्या पावलांनी सरकल्यावर रस्ता एकदम मोकळा होतो. बघावं तर अपघात नाही, टोलनाका नाही, बंद पडलेला ट्रकही नाही. मग इतका वेळ अडकलो कशात?

याचं निम्मं उत्तर १९५५ सालीच मिळालं होतं. ते देणाऱ्या दोघांपैकी एक होते ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल.

लाइटहिल यांचा जन्म २३ जानेवारी १९२४ चा, पॅरिसचा. वडील खाण अभियंता, कामानिमित्त तिकडे होते. लाइटहिल तीन वर्षांचे असताना घर इंग्लंडला परतलं. विंचेस्टरच्या शाळेत त्यांची गट्टी जमली ती फ्रीमन डायसनशी, जो पुढे भौतिकशास्त्रातलं मोठं नाव झाला. १५ व्या वर्षी लाइटहिल यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची स्कॉलरशिप मिळवली, पण वय इतकं कमी की प्रत्यक्ष कॉलेजात जायला १७ व्या वर्षापर्यंत थांबावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ध्वनीपेक्षा वेगवान हवेच्या प्रवाहावर काम केलं. २६ व्या वर्षी ते मँचेस्टर विद्यापीठात प्रोफेसर झाले. १९५२ मध्ये त्यांनी जेट विमानाच्या आवाजाचं गणित मांडलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताचा वेग निम्मा केला, तर आवाजाची ताकद २५६ पटींनी घटते. आजची विमानं जुन्या जेटपेक्षा कमी कर्कश वाटतात, त्यामागे हा हिशोब आहे.

आता वळू रस्त्याकडे. १९५५ मध्ये लाइटहिल आणि त्यांचे मँचेस्टरमधले सहकारी जेराल्ड व्हिदम यांनी दोन शोधनिबंध जोडीने छापले. पहिला लांब नद्यांमधल्या पुरावर, दुसरा गर्दीच्या लांब रस्त्यांवर. नदी आणि रस्ता यांचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की दोन्हीकडे एकच हिशोब चालतो. पाणी असो की गाड्या, मध्येच गायब होत नाहीत. एका तुकड्यात जेवढ्या शिरल्या, त्यातून बाहेर पडलेल्या वजा केल्या, की उरलेल्या तिथेच साचतात.

एक सोपं उदाहरण घेऊ. मोकळ्या रस्त्यावर एका किलोमीटरमध्ये २० गाड्या आहेत आणि त्या ताशी ६० किमीने धावतायत. म्हणजे तासाला १२०० गाड्या येतात. पुढे जाममध्ये एका किलोमीटरमध्ये १०० गाड्या आहेत, वेग ताशी ६ किमी. तिथून तासाला ६०० च बाहेर पडतात. उरलेल्या ६०० जामच्या शेपटीला चिकटतात. दाटीतला फरक आहे ८० गाड्यांचा. ६०० भागिले ८०, उत्तर ७.५. म्हणजे प्रत्येक गाडी पुढे जात असताना जामची शेपटी ताशी साडेसात किमीने मागे सरकते!

म्हणूनच तुम्ही जिथे अडकता तिथे कारण सापडत नाही. ज्या कशामुळे गर्दी झाली ते कधीच मिटलेलं असतं, आणि त्याची लाट मागे सरकत तुमच्यापर्यंत पोचलेली असते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पॉल रिचर्ड्स यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडलं. आज तिघांच्या आडनावांवरून हे मॉडेल ओळखलं जातं.

पण उत्तर निम्मंच का? कारण या गणितातला ड्रायव्हर जिथे आहे तिथली गर्दी बघून क्षणात वेग बदलतो. खरा ड्रायव्हर तसा नसतो. तो लांबवरचे लाल ब्रेकलाइट बघून आधीच पाय ॲक्सिलरेटरवरून काढतो, आणि कधी उशिरा जागा होऊन करकचून ब्रेक दाबतो. हा उशीर जीवघेणा तर आहेच, शिवाय त्यातून शून्यातूनही जाम तयार होतो. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने फिरवून ते दाखवलं. २००८ मध्ये तो प्रयोग छापून आला.

१९७१ मध्ये हॅरल्ड पेन यांनी ड्रायव्हरचा हा अंदाज आणि उशीर दोन्ही समीकरणात घातले. सगळे खूश. मग १९९५ मध्ये कार्लोस डागान्झो यांनी फुगा फोडला: अशा मॉडेलमध्ये काही वेळा गाड्या चक्क उलट्या धावतात, आणि मागच्या गाडीचा परिणाम पुढचीवर होतो. पाण्याचा कण मागून ढकलला जातो, ड्रायव्हर मात्र पुढे बघून चालवतो. यावर २००० मध्ये तोड निघाली. गर्दी रस्त्यालगत उभं राहून मोजायची नाही, धावत्या गाडीतून मोजायची. पुढे दाटी आहे, पण ती तुमच्यापेक्षा वेगाने दूर जातेय, तर ब्रेक कशाला मारायचा?

लाइटहिल स्वतः गाडी कशी चालवायचे? सुसाट. वेगमर्यादा मोडल्याबद्दल त्यांना कोर्टात उभं केलं होतं, असा किस्सा सांगतात. त्यांचा बचाव असा, की यांत्रिकीचे नियम आपल्याला पक्के ठाऊक आहेत आणि उतारावर ब्रेक लावून ऊर्जा वाया घालवणं समाजाच्या हिताचं नाही.

तोवर ते केंब्रिजच्या ल्युकेशियन खुर्चीवर होते. न्यूटनची ती खुर्ची. १९६९ मध्ये डिरॅक यांच्यानंतर ती त्यांना मिळाली, आणि १९७९ मध्ये त्यांच्यानंतर स्टीफन हॉकिंग आले. १९७१ मध्ये 'सर' किताब मिळाला.

त्यांच्या नावावर एक वादग्रस्त प्रकरणही आहे. १९७३ मध्ये सरकारी संशोधन मंडळासाठी त्यांनी एआयवर अहवाल दिला. निष्कर्ष: दिलेली आश्वासनं फोल, आणि खऱ्या जगातल्या शक्यता इतक्या झपाट्याने वाढतात की कॉम्प्युटर हात टेकतो. बीबीसीवर जाहीर वादही झाला. शक्यतांबद्दलचा मुद्दा तेव्हा अचूक होता. पण विषय त्यांचा नव्हता, आणि त्यांच्या एका अहवालानंतर बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांत या कामाचा पैसा आटला. तो पुन्हा मोठ्या प्रमाणात यायला १९८३ उजाडलं. रस्त्यावर दिसलेला दूरवरचा अंदाज इथे मात्र चुकला.

त्याच १९७३ मध्ये त्यांनी इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटाला पोहून प्रदक्षिणा घातली. सुमारे ९ मैल. असं करणारे ते पहिलेच. भरती-ओहोटीचे प्रवाह तिथे भयंकर आहेत. कुठला प्रवाह कधी फिरेल याचा अभ्यास करून ते पाठीवर पोहत निघायचे. ही फेरी त्यांनी सहा वेळा पुरी केली.

१७ जुलै १९९८ ला, ७४ व्या वर्षी, ते सातव्यांदा पाण्यात उतरले. कित्येक तास पोहल्यावर त्यांच्या हृदयाची झडप फाटली आणि समुद्रातच त्यांचा मृत्यू झाला.