अपुरा राहिलेला ऑपेरा

अलेक्झांडर बोरोदिन यांचा जन्म १८३३ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. पिता राजपुत्र; परंतु विवाहबाह्य संतती म्हणून बालकाची नोंद त्या राजपुत्राच्याच एका भूदासाचा मुलगा अशी झाली. जन्मदात्याच्या मालकीचा दास म्हणून त्यांचे आयुष्य सुरू झाले. जन्मदात्या आईलाही त्यांना मावशी म्हणावे लागे. बालपणीच दास्यमुक्ती लाभली आणि आईने घरीच उत्तम शिक्षणाची सोय केली.

१८५८ मध्ये त्यांनी वैद्यकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १८६४ मध्ये ते आपल्याच वैद्यकीय अकादमीत रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. आल्डिहाइड संयुगांवरील त्यांचे संशोधन मौलिक ठरले. रशियन स्त्रियांना विद्यापीठांची दारे बंद होती, त्या काळात, १८७२ मध्ये, त्यांच्यासाठी वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू करण्यात बोरोदिन अग्रभागी होते. तेथे त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले.

संगीताच्या वाट्याला उरलेला वेळ येई. आजारपणामुळे प्रयोगशाळा सुटली, की स्वररचना होई. १८६९ मध्ये आरंभलेला ‘प्रिन्स इगोर’ हा ऑपेरा, म्हणजे संगीतनाटक, १८८७ मध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले तेव्हाही अपुराच होता. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांनी तो पूर्ण केला; १८९० मध्ये तो रंगमंचावर आला.

रसिकांना ही अपूर्णता सलते. परंतु त्याच वर्षांत रशियात स्त्री-डॉक्टर घडत होत्या. जन्माच्या नोंदीने ज्यांना दास ठरवले, त्यांनी इतरांसाठी ज्ञानाचे दार उघडताना आपले सूर मागे ठेवले. त्यांच्या संगीताइतकेच हे मोलही आपल्या विद्यार्थ्यांनी ओळखावे.