जंबो मजुमदार

युद्धातील विमानांची चित्रे काढणारे बहुधा स्पिटफायरच काढतात. मला मात्र लायसँडरचे चित्र हवे आहे. उंच पंखांचे हे संथ विमान मुळात टेहळणीसाठी बनविलेले. मुंबईकरांच्या वर्गणीतून अशी विमाने १९४१ साली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला मिळाली. तिचे प्रमुख होते करुण कृष्ण मजुमदार, सर्वांचे 'जंबो'. जन्म कलकत्त्याचा, १९१३ चा.

फेब्रुवारी १९४२ मध्ये स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टाउंगूला पोहोचते न पोहोचते तोच जपान्यांनी त्या विमानतळावर बॉम्ब टाकले. मजुमदारांनी टेहळणीच्या लायसँडरलाच दोन बॉम्ब बांधले आणि सयाममधील शत्रूच्या तळावर अगदी खालून जाऊन टाकले. पुढे सारी स्क्वाड्रन घेऊन ते पुन्हा गेले. त्यांना डी.एफ.सी. हे शौर्यपदक मिळाले.

पण मजुमदार कोणाचे नातू? १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांचे! आणि त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे पुढारी आमच्या नगरच्या किल्ल्यात डांबले गेले. कोणी मजुमदारांना साम्राज्याचे चाकर म्हणेल. मी म्हणणार नाही; हिंदी माणसाला विमान झेपत नाही, हा गोऱ्यांचा समज त्यांनी मोडला. पण चित्रकाराने हा पेच कोणत्या रंगात दाखवावा?

१९४४ मध्ये नॉर्मंडीवर टेहळणी करून त्यांनी दुसऱ्यांदा डी.एफ.सी. मिळविले. १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोरला हरिकेन विमानाच्या कसरती करताना अपघातात ते गेले. वय अवघे ३१.