न्यूटन आणि पृथ्वीची ओढ

आपली मुले कॉलेजातून फिजिक्सची वही घेऊन घरी येतात. त्या वहीत ९.८ न्यूटन प्रति किलोग्रॅम असा आकडा हमखास सापडतो. एक किलोच्या वस्तूला पृथ्वी किती जोराने ओढते, त्याचे हे माप. ज्यांचे नाव या मापाला मिळाले त्यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आयझॅक न्यूटन यांचा जन्म इंग्लंडातील वुल्सथॉर्प या खेड्यात, तिथल्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ रोजी झाला. वडील तीन महिने आधीच वारले होते. मूल तीन वर्षांचे असताना आईने दुसरे लग्न केले आणि पोर आजीपाशी राहिले. पुढे आई पुन्हा विधवा होऊन परतली व तिने मुलाला शाळेतून काढून शेतीला लावले. मुलाचे चित्त शेतात लागेना. शेवटी मामा आणि शाळेचे मास्तर यांनी आईची समजूत घातली, आणि १६६१ साली तो केंब्रिजला पोचला. त्या दोघांची आठवण आज कोण काढतो?

१६६५ साली प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडले व न्यूटन घरी आले. बागेत सफरचंद पडताना पाहिल्याचे त्यांनी स्वतः म्हातारपणी सांगितले आहे. ते डोक्यावर पडले, ही भर मात्र लोकांची. पृथ्वीची ओढ झाडाच्या शेंड्यापर्यंत जाते, तर चंद्रापर्यंत का जाऊ नये, असा त्यांना प्रश्न पडला. पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर, त्याच्या साठपट दूर चंद्र. अंतराच्या वर्गाप्रमाणे ओढ घटत असेल तर तिथे ती ३,६०० पट कमी हवी. आजच्या मापात इथे किलोमागे ९.८ न्यूटन, तर तिथे अवघी ०.००२७. चंद्राला त्याच्या वाटेवर फिरवायला एवढीच ओढ लागते! पण त्यांच्याजवळचा पृथ्वीच्या आकाराचा आकडा चुकीचा होता. हिशेब जवळपास जुळला, पुरता जुळला नाही, आणि कागद बाजूला पडले.

ते जवळजवळ वीस वर्षे तसेच राहिले. १६८४ साली एडमंड हॅली केंब्रिजला भेटायला आले व ग्रहांच्या वाटेविषयी त्यांनी विचारले. न्यूटन यांना उत्तर ठाऊक होते, कागद मात्र सापडेना! त्यांनी सारे नव्याने लिहिले आणि १६८७ साली 'प्रिन्सिपिया' हा लॅटिन ग्रंथ निघाला. रॉयल सोसायटीचा पैसा माशांवरच्या एका पुस्तकात खर्च झाला होता, म्हणून छपाईचा खर्च हॅली यांनी सोसला. कल्पना आपली असल्याचे रॉबर्ट हूक म्हणू लागले, तेव्हा न्यूटन भलतेच संतापले. एवढ्या थोर माणसाला टीका मुळीच सोसत नसे, हेही सांगितले पाहिजे.

याच ग्रंथातली एक गोष्ट आपल्या बेटावरच्या माणसाला जवळची वाटेल. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच संशोधक पॅरिसहून घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. तिथे ते घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. न्यूटन यांनी कारण दिले: पृथ्वी फिरते, म्हणून ती मध्यावर फुगलेली आहे, तिथे ओढ कमी, म्हणून लंबक सावकाश हलतो. ध्रुवावर हा आकडा ९.८३, विषुववृत्तावर ९.७८. लंडनला तो ९.८१, तर आपल्या मॉरिशसमध्ये ९.७९ च्या आसपास. लंडनला जुळवलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर साठ किलोचा माणूस इथे सुमारे दीडशे ग्रॅम कमी भरेल. माणूस मात्र तेवढाच. बाजारातल्या तराजूला हा फरक कळणार नाही, कारण वजनेही तितकीच हलकी होतात.

१६९६ पासून न्यूटन लंडनच्या टांकसाळीत नाण्यांचे वजन आणि कस सांभाळीत होते. लग्न त्यांनी केले नाही. १७२७ साली ते वारले व वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांना पुरले. त्यांच्या हयातीत न्यूटन नावाचे माप नव्हतेच. बळाच्या एककाला हे नाव १९४८ साली देण्यात आले.