पियानोवादिनी क्लारा शूमान

संगीतावर चरितार्थ चालवणे पुरुषालाही अवघड. स्त्रीला तर अवघडच. त्यातून पदरी सात मुले आणि पती रुग्णालयात, अशा स्थितीत एका बाईने आपली कलाही राखली आणि घरही राखले. जर्मनीतील विख्यात पियानोवादिनी क्लारा शूमान यांची ही हकीकत आहे.

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी लाइपझिग शहरी झाला. वडील फ्रीडरिख वीक हे पियानोचे नामांकित शिक्षक. आई गायिका होती. परंतु आईवडिलांचे पटले नाही, आणि तिथल्या कायद्याने मूल बापाचे, म्हणून पाच वर्षांची क्लारा आईपासून तुटली. चार वर्षांची होईपर्यंत ती नीट बोलतही नव्हती. पण स्वर मात्र तिला भाषेच्या आधी उमगले. वडिलांनी तिला कसून तयार केले. शिस्त इतकी कडक, की मुलीची रोजनिशीसुद्धा कित्येक वर्षे तेच तिच्या नावाने लिहीत. १८२८ मध्ये, नवव्या वर्षी, तिने लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात प्रथम हजेरी लावली. १८३१ मध्ये महाकवी गटे यांनी तिचे वादन ऐकून तिला आपली मुद्रा असलेले पदक दिले. १८३५ मध्ये तिने स्वतः रचलेला कन्चेर्टो वाजविला, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन प्रत्यक्ष मेंडेल्सझोन करीत होते. १८३८ मध्ये व्हिएन्नाच्या राजदरबाराने तिला मानाची पदवी दिली. तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती!

रोबर्ट शूमान हे वीक यांच्याच घरी राहून शिकणारे शिष्य. बोटाच्या दुखण्यामुळे त्यांचे वादन सुटले आणि ते स्वररचनेकडे वळले. दोघांचे मन जुळले. पण वडील संतापले. मुलीची कीर्ती आणि कमाई एका बेभरवशाच्या संगीतकाराच्या घरी जावी, हे त्यांना साहवेना. अखेर त्या दोघांना न्यायालयात जावे लागले. ज्याने बोट धरून विद्या दिली, त्याच पित्याविरुद्ध उभे राहताना त्या मुलीच्या जिवाची काय उलघाल झाली असेल, हे लेकीबाळींना सांगायला नको. निकाल तिच्या बाजूने लागला आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, एकविसावा वाढदिवस एक दिवसावर असताना, विवाह झाला.

प्रेम उदंड होते, तरी संसार सोपा नव्हता. पती रचना करायला बसले, की पियानोचा आवाज त्यांना चालत नसे; मग क्लाराबाईंचा रियाज राहून जाई. आठ बाळंतपणे झाली, एक मूल लहानपणीच गेले. स्त्रीने स्वररचना करावी की नाही, अशी शंका त्यांना स्वतःलाही छळीत असे. तरी १८४६ मध्ये त्यांनी रचलेले पियानो, व्हायोलिन व चेलो यांचे त्रिकूट आजही आदराने वाजविले जाते. १८४९ मध्ये ड्रेस्डेन येथे बंडाळी उसळली. पतीला सुखरूप बाहेर काढून गरोदर क्लाराबाई मागे राहिलेल्या मुलांना आणण्यासाठी पुन्हा त्या धुमश्चक्रीत शिरल्या.

फेब्रुवारी १८५४ मध्ये खरा आघात झाला. मनोविकाराने ग्रासलेल्या रोबर्ट यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली. ते वाचले, पण बॉनजवळच्या रुग्णालयात त्यांना ठेवावे लागले. डॉक्टरांनी पत्नीला दोन वर्षांहून अधिक काळ भेटू दिले नाही. जूनमध्ये जन्मलेला धाकटा फेलिक्स वडिलांच्या दृष्टीस कधी पडलाच नाही. २९ जुलै १८५६ रोजी रोबर्ट गेले. अखेरच्या दोन-तीन दिवसांतच काय ती भेट झाली.

मित्रमंडळी मदतीला पुढे आली, पण क्लाराबाईंना दान नको होते. त्यांनी पियानो उघडला. मुलांना इकडेतिकडे ठेवून त्या गावोगावी, इंग्लंडपर्यंत, मैफली करीत हिंडल्या. घरी असताना कला राहते आणि कलेपाशी असताना घर राहते, हा सल त्यांच्या मनातून गेला नाही. तरुण ब्राम्स यांचा स्नेह मात्र त्यांना अखेरपर्यंत लाभला. पतीच्या रचना लोकांपुढे आणून त्यांना कीर्ती मिळवून देण्यात क्लाराबाईंचा वाटा फार मोठा आहे. समोर कागद न ठेवता मुखोद्गत वाजविण्याची प्रथाही ज्यांनी रूढ केली, त्यांत त्या अग्रणी होत्या.

१८७८ मध्ये फ्रांकफुर्टच्या होख संगीतशाळेत त्या अध्यापिका झाल्या. देशोदेशींच्या मुली त्यांच्याकडे शिकायला येत. उतारवयातही दुःखाने पाठ सोडली नाही. यूलिये, फेलिक्स आणि फर्डिनांड ही तीन मोठी झालेली मुले त्यांच्यादेखत गेली. लुडविग मनोरुग्णालयात होता. फर्डिनांडच्या मुलांचा भार त्यांनी आपल्या शिरावर घेतला. १८९१ मध्ये त्यांची अखेरची जाहीर मैफल झाली आणि २० मे १८९६ रोजी त्या निवर्तल्या. बॉन येथे पतीशेजारीच त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले नाही. शिष्यांच्या काही मुद्रिकांतून त्याची छाया तेवढी ऐकू येते. पुढे १९९० पासून युरो येईपर्यंत जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. मुलांच्या पोटासाठी पै-पै जोडीत गावोगाव हिंडलेल्या या माऊलीचा तो उचित गौरव म्हटला पाहिजे. आपल्यातील एखादी भगिनी सारे घर निजल्यावर पेटीवर बोटे ठेवीत असेल, तर तिने क्लाराबाईंचे स्मरण अवश्य करावे.